लेखनिक घ्यावा की फक्त जादा वेळ?

संधिवात किंवा लिहिताना बोटं आखडण्याचा त्रास असलेल्यांना विद्यापीठाच्या परीक्षेत दोन वाटा असतात: सांगितलेली उत्तरं लिहून देणारा लेखनिक किंवा स्वतः लिहिण्यासाठी जादा वेळ. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जादा वेळ तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेतला तरी हा वेळ मिळतोच, हे अनेकांना ठाऊक नसतं.

स्वतः लिहिण्यात आकृत्या, समीकरणं आपल्या हातात राहतात. पण दुखणाऱ्या हाताला तेच काम चार तास करावं लागतं, आणि लागोपाठ पेपर असले की दुसऱ्या दिवशी अक्षर कोलमडतं. दुखणं हे कारण असेल तर नुसता वेळ वाढवून फारसं साधत नाही.

लेखनिकाची गोम वेगळी. त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा कमी असतं, त्यामुळे ‘आयसोमेरिझम’सारखे शब्द अक्षर-अक्षर सांगावे लागतात. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन त्याच्यासोबत दोन-तीनदा सराव कराच. विरामचिन्हं, नवा परिच्छेद, अधोरेखन हेही तोंडीच सांगायचं असतं.

अपंगत्व 40 टक्क्यांहून कमी म्हणून नकार मिळाला, तर लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट नाही असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा विकास कुमार निकाल आणि केंद्राच्या सध्या लागू असलेल्या सूचना अर्जाला जोडा. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यात नुसतं आजाराचं नाव नको. ‘लिहिण्यास अडचण’ स्पष्ट हवी.