डीपीएफचा दिवा आणि अंबडचं हे गॅरेज: पाचपैकी चार

एक तारा कापलाय तो फोन न उचलण्याचा. बाकीचे चार का दिले ते सविस्तर लिहिते, कारण डिझेल गाडीवर धंदा करणाऱ्या कुणालातरी उपयोग होईल.

आमचा डब्यांचा व्यवसाय आहे. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ स्वयंपाकघर, आणि रोज दुपारी अंबड-सातपूरच्या कंपन्यांना २१० जेवणं जातात. गाडी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये घेतलेली बीएस-६ (धुराच्या कडक नियमांतली) डिझेल व्हॅन, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. गणपतीच्या आधी डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, तो पिवळा दिवा लागला, डब्यात ठिपके भरल्यासारखं चित्र असतं तो. आम्ही चार दिवस तशीच चालवली. मग इंजिनची चेक लाईटही आली आणि गाडी उठेचना. भरलेले डबे घेऊन साध्या चढाला सेकंड गिअरमध्ये रडायची.

आधी मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली होती. स्कॅनर लावून दहा मिनिटांत निकाल: फिल्टर चोक आहे, बदला, ८६ हजार आणि मजुरी वेगळी. का चोक झाला विचारलं तर "मॅडम, बीएस-६ ला हे होतंच." दुसऱ्या एकाने १८ हजारांत फिल्टरची जाळी फोडून, सॉफ्टवेअरमधून दिवा कायमचा घालवून देतो म्हणून सांगितलं. हे कायद्यात बसत नाही, आणि दर दोन वर्षांनी पासिंगला उभ्या राहणाऱ्या गाडीला असले खेळ परवडत नाहीत. शिवाय तो धूर कंपनीच्या गेटवर, जेवणाच्या गाडीतून! नको.

या गॅरेजच्या दादांनी स्कॅनर लावायच्या आधी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. "ताई, वास घ्या." दिवसभर माझ्या हाताला फोडणीचा वास असतो, तरी डिझेल लगेच कळलं. आम्ही ऑइल टाकलेलंच नव्हतं, मग वाढलं कसं?

त्यांनी समजावलं ते असं. फिल्टरमध्ये काजळी साठली की गाडी आपणहून जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. याला ते रिजन म्हणतात. तेव्हा उभ्या गाडीचे आरपीएम जरा वर राहतात, पंखा मोठ्याने चालतो, करपट वास येतो. मधेच गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आमची गाडी दोन-तीन किलोमीटर चालते आणि गेटवर थांबते, असे चौदा थांबे. आणि प्रत्येक गेटवर इंजिन बंद कर, डिझेल फुकट जातं, हा ड्रायव्हरला दिलेला हुकूम माझाच.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. "एवढी काजळी नुसत्या थांब्यांनी होत नाही," म्हणत टॉर्च घेऊन खाली वाकले. टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरतो तो) इंटरकूलरला (ती हवा थंड करतो तो) जाणाऱ्या रबरी पाईपवर एक तेलकट ओला डाग होता. फडक्याने पुसून पाईप वाकवला तर क्लिपच्या मागे बोटभर चीर उघडली, सोडला की पुन्हा मिटली. तिथून हवा निसटत होती. हवा कमी पडली की डिझेल नीट जळत नाही आणि काजळी वाढते. आमचा ड्रायव्हर दोन महिने सांगत होता, की ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज येतो. मी म्हणाले होते, येऊ दे.

पाईप बदलला, क्लिपा नव्या, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. बीएस-६ ला कमी राखेचंच ऑइल लागतं, हेही तिथेच कळलं. काजळी जळते, पण ऑइलमधून आलेली राख फिल्टरमध्येच बसून राहते. शेगडीतला कोळसा जळला तरी राख झाडावी लागते, तसंच. मग रिकाम्या प्लॉटवर, वाळलं गवत नाही अशी जागा बघून, स्कॅनरवरून उभ्या गाडीत रिजन चालवला. पस्तीस मिनिटं लागली. मला जवळ येऊ दिलं नाही. स्क्रीनवर काजळीचा आकडा ८८ टक्क्यांवरून १४ वर आला. नंतर त्यांचाच मुलगा गाडी महामार्गाने घोटीपर्यंत नेऊन आला.

एकूण बिल ११,७००. जुना पाईप पिशवीत घालून दिला, न मागता. फिल्टर नवीन झालाय असं मात्र ते अजिबात म्हणाले नाहीत. राख आहेच, पुढेमागे तो काढून धुवावा लागेल, हे स्पष्ट सांगितलं.

आता दर रविवारी ड्रायव्हर रिकामी गाडी घोटीला नेतो, अर्धा तास एका वेगात. जाण्यायेण्याचं डिझेल जातं, आधी मला ते जिवावर आलं होतं. अडीच महिने झाले, दिवा लागलेला नाही, ऑइल खुणेवर आहे.

तक्रारी: सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळेल म्हणाले, मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या दिवशी टेम्पो भाड्याने घ्यावा लागला, १,८०० रुपये. मी सहा फोन केले, एकही उचलला नाही. बिल हाताने लिहिलेलं होतं, जीएसटीचं मिळायला आठवडा गेला. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तीही बहुतेक वेळा कुणीतरी बसलेली. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर लाईन लागते. आणि जाताना गाडी रिकामी करून जा, आमचे डब्यांचे क्रेट त्यांच्या ग्रीसच्या डब्यांशेजारी रात्रभर पडले होते, ते मला तीनदा धुवावे लागले.