उजनीचं पाणी: उसाला, माशांना की नळाला?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात येतं. त्यामुळे ‘पाणी चांगलं की वाईट’ असं विचारून उपयोग नाही. आधी वापर ठरवा, मग काय तपासायचं ते ठरेल.

उसाला फारसं अडत नाही. विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) सेंटिमीटरला 750 मायक्रोसीमेन्सपर्यंत चिंता नको. 2250 पर्यंत निचऱ्याच्या रानात चालेल, भारी काळ्या रानात क्षार साचतात. आरएससी (उरलेला सोडियम कार्बोनेट) लिटरला 2.5 मिलीइक्विव्हॅलंटच्या वर असेल, तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि निचरा न होणारी, व्हायला लागते. खरा त्रास ठिबकला: शेवाळाने जाळीची गाळणी तुंबते, म्हणून तिच्या आधी वाळूची हवीच. कोथिंबीर-मेथीवर मात्र हे पाणी तुषारने देऊ नका.

माशांसाठी तपासणीची वेळ महत्त्वाची. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम हवा, पण तो सूर्योदयाआधी मोजा. दुपारी शेवाळच प्राणवायू सोडतं, तो आकडा फसवा. उलट सामू (पीएच) आणि अमोनिया दुपारी बघा, कारण सामू 9 कडे गेला की अमोनियाचं विष वाढतं. चिलापी तग धरते, कटला आधी मरतो.

पिण्यासाठी कसोटी सगळ्यांत कडक. नेहमीच्या शुद्धीकरणाला कच्च्या पाण्याचा बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू) लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत लागतो आणि कोलिफॉर्म (विष्ठेच्या दूषितपणाची खूण असलेले जंतू) 100 मिलिलिटरला 5000 च्या आत. ग्रामपंचायती फसतात त्या अमोनियात. लिटरला 1 मिलिग्रॅम अमोनिया-नत्र 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतं. म्हणजे हजार लिटरला 30 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर जवळपास 30 ग्रॅम यातच संपते. त्यात ओटी टेस्टला (ऑर्थोटोलिडिन थेंबांनी क्लोरीन तपासायची चाचणी) पिवळा रंग येतो आणि सगळे खूश. पण अमोनियाशी जोडलेला, कमकुवत क्लोरीनही थोड्या वेळाने तोच रंग देतो. म्हणून रंग पहिल्या दहा सेकंदांतच वाचा.

पाण्यावर हिरवा तवंग असताना मोरचूद (कॉपर सल्फेट) किंवा भरपूर ब्लीचिंग टाकणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. शेवाळाच्या पेशी फुटून त्यांतलं विष पाण्यात उतरतं, आणि ते उकळूनही जात नाही. तुरटीने बसवून, गाळून शेवाळ आधी काढा, क्लोरीन नंतर.

उन्हाळ्यात धरणाच्या तळाशी प्राणवायू संपतो, लोह-मँगनीज सुटतं. उपसा तवंगाच्या खालून आणि तळाच्या बराच वरून ठेवा. नमुनाही त्याच खोलीवरून, जंतुतपासणीसाठी निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत.