बुडालेला पैसा ‘परत मिळवून देणारे’ माझ्या भावाला कसे भेटले

ऑनलाइन जुगारात गेलेला पैसा परत मिळवून देतो असं कोणी सांगितलं, तर त्याला एक पैसाही देऊ नका. माझ्या धाकट्या भावाला आधी एका बेटिंग ॲपने लुटलं. मग तो त्यातून सुटायची धडपड करत असताना ‘मदत’ करणाऱ्यांनी लुटलं. पहिल्या लुटीबद्दल लोक थोडंफार बोलतात. दुसरीबद्दल बोलत नाहीत, कारण पुन्हा फसलो हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

ॲपची पद्धत ठरलेली असते. सुरुवातीला जिंकलेल्या लहान रकमा लगेच खात्यात जमा झाल्या आणि त्याचा विश्वास बसला. मोठी रक्कम काढायला गेला तेव्हा आधी व्हेरिफिकेशन फी मागितली, मग टॅक्स. त्यानंतर सांगितलं, बोनस घेतलाय तर त्याच्या कित्येक पट रकमेचा खेळ झाल्याशिवाय पैसे निघणार नाहीत. वॉलेटमध्ये आकडा दिसत होता आणि तो सोडवण्यासाठी हा आणखी भरत होता.

शिकलासवरलेला माणूस असं कसं करतो, हे आम्हाला पुष्कळांनी ऐकवलं. ज्यांना असं वाटतं त्यांनी एवढं समजून घ्यावं की हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली जुगाराला दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात बसवलं. बक्षीस कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणूनच हात थांबत नाही. ‘थोडक्यात हुकलं’ असं दिसलं की मेंदू ते हरणं मानायला तयार होत नाही. आणि हरलेलं भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणं हे तर या आजाराचं ठळक लक्षण आहे. नेमकी हीच दुखरी नस दुसऱ्या टोळीने पकडली.

शेवटी त्याने घरात सगळं सांगितलं. मदत कुठे मिळेल ते शोधताना त्याला एक जाहिरात दिसली, ‘जुगार सोडा, बुडालेले पैसे परत मिळवा’. त्याने नाव आणि फोन नंबर भरला. लगेच फोन आला. पलीकडचा माणूस फार मायेने बोलत होता. “सर, तुमची काही चूक नाही, तुमच्यासारखे हजारो आहेत.” इतक्या दिवसांत त्याच्याशी असं कोणी बोललं नव्हतं, आम्ही घरचेसुद्धा नाही. मग व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं ‘रिफंड मंजुरी’चं पत्र आलं. त्यातली रक्कम मी त्याच्या वॉलेटच्या जुन्या स्क्रीनशॉटशी ताडून पाहिली, तर पैशापर्यंत तंतोतंत तीच! फॉर्ममध्ये त्याने ती लिहिलीच नव्हती. म्हणजे एकतर ही माणसं ॲपवाल्यांचीच होती, किंवा त्याची सगळी माहिती विकली गेली होती. फसलेल्यांच्या अशा याद्या विकल्या जातात.

हे माझ्या लक्षात येईपर्यंत त्याने प्रोसेसिंग फी भरली होती आणि त्यांच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं ॲपही घेतलं होतं. मी फोन घेतला आणि म्हटलं, पुढची फी रिफंडमधूनच कापून घ्या. “ताई, ते नियमात बसत नाही,” एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

फीपेक्षा मोठं नुकसान त्या रात्री झालं. भरलेली फी वसूल करायला तो पुन्हा खेळायला बसला. किती मुश्किलीने थांबला होता तो! पैसे परत येतील ही आशा कोणी जिवंत ठेवली की व्यसनही जिवंत राहतं. म्हणून मला वाटतं, गेलेला पैसा गेला असं घरातल्या सगळ्यांनी मोठ्याने बोलून टाकावं. खरी मदत करणारा माणूस त्या पैशाचं आमिष दाखवत नाही.

आम्ही आधी बँकेला कळवलं, स्क्रीन शेअर करणारं ते ॲप काढून पासवर्ड बदलले आणि सायबर पोलिसांत तक्रार दिली. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, पुरावा तोच असतो. फोनवर बेटब्लॉकर टाकलं. ते फुकट आहे आणि जुगाराच्या साइट बंद करतं. काही बँका जुगाराचे व्यवहार रोखण्याची सोय देतात, तुमच्या बँकेत विचारून बघा. पैशाचे व्यवहार सध्या मी बघते, तेही त्याच्याच सांगण्यावरून. त्याचं सगळं कर्ज एकरकमी फेडायचा मोह आम्ही टाळला. मोकळा झालेला हात पुन्हा खेळाकडे वळू शकतो.

मनोविकारतज्ज्ञांनी पैशाबद्दल फारसं विचारलं नाही. झोप, दारू, मनात येणारे विचार यांबद्दल विचारलं. आता समुपदेशन सुरू आहे. खेळावंसं वाटतं त्याआधी नेमकं काय घडतं, हे तो वहीत लिहितो. पगाराचा दिवस, भांडण आणि रात्रीचं एकटेपण ही त्याची अवघड ठिकाणं निघाली. गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या ऑनलाइन बैठकांनाही तो बसतो. 1957 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला, जुगार सोडू पाहणाऱ्यांचा हा गट फी घेत नाही, जुगार सोडायची इच्छा एवढीच अट. जुगाराचं व्यसन लागलंय का हे स्वतःच तपासायला त्यांचे 20 प्रश्न आहेत, त्यातल्या किमान 7 ना ‘हो’ येत असेल तर वेळ घालवू नका. तिथल्या जुन्या लोकांनी त्याच्यासोबत बसून हप्त्यांचा हिशेब मांडून दिला. परतफेड संथपणे चालली आहे. मध्ये एकदा तो घसरलाही, पण या वेळी त्याने त्याच रात्री मला उठवून सांगितलं.

घरातलं कोणी यात अडकलं असेल तर त्याला ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. उत्तर ‘हो’ आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच रात्री दवाखान्यात घेऊन जा.