जुन्या वाड्याच्या मोजणीला लेझर मीटर: निम्मं काम चोख, निम्मं टेपचंच

साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या वाड्यात काटकोन शोधूनही सापडत नाही. भिंती मातीच्या नाहीतर काळ्या दगडाच्या, दोन-दोन फूट जाड, वर जाताना बारीक होणाऱ्या. त्यात रस्ता वळला तसा वाडाही वळलेला. दुरुस्तीचं किंवा वाटणीचं काम आलं की आधी हे सगळं मोजून कागदावर उतरवावं लागतं. त्यासाठी हल्ली बहुतेक आर्किटेक्टांच्या बॅगेत हातात मावणारं, समोर लाल ठिपका मारून अंतर सांगणारं 40-50 मीटर पल्ल्याचं लेझर मीटर असतं. घ्यावं का? जरूर. पण टेप, ओळंबा आणि पाण्याची नळी माळ्यावर टाकू नये.

आधी बरं ते. अचूकता दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत सूतभरसुद्धा (इंचाचा आठवा भाग) फरक नाही. माजघरातली पेटी, कॉट, धान्याची कोठी न हलवता वरून माप मिळतं, टेपचं टोक धरायला दुसरा माणूस लागत नाही. खरा फायदा कर्णांत आहे. टेपनं कर्ण घ्यायचा म्हणजे मधलं सामान आडवं येतं, टेप पोटात झोळ खाते आणि मग माणूस कंटाळून 'काटकोनच असणार' म्हणून सोडून देतो. लेझरनं खोलीमागं अर्धं मिनिट लागतं. उदाहरण घ्या: खोली 4.20 बाय 3.10 मीटर. चौकोन काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण 5.22 यायला हवेत. एक 5.31 आणि दुसरा 5.13 आला, तर कोपरा साधारण दोन अंशांनी सरकलाय आणि 4.20 च्या लांबीत भिंत तब्बल 15 सेंटिमीटर वाकडी पळतेय. हे नकाशावर आलं नाही तर पुढं फरशीचा सांधा आणि कपाटाची पाठ या दोन्ही ठिकाणी ते उघडं पडतं. चार बाजू आणि एक कर्ण घेतला की आकृती बसते. दुसरा कर्ण फक्त तपासणीला, पण तो घ्यायचाच.

आता चुका कुठं होतात ते. सगळ्यात जास्त होते ती यंत्राच्या कडेची. माप मागच्या कडेपासून धरायचं की पुढच्या, हे बटणानं बदलतं आणि पडद्यावर त्याची इवलीशी खूण असते. चुकून बदललं की प्रत्येक माप यंत्राच्या लांबीइतकं, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरनं चुकतं. सगळीच मापं सारखी चुकल्यामुळं लवकर लक्षातही येत नाही. दुसरी चूक तिरकेपणाची. दहा मीटरवर ठिपका अर्धा मीटर वर-खाली पडला तर माप सव्वा सेंटिमीटर जास्त येतं, एक मीटर पडला तर पाच सेंटिमीटर. उपाय सोपा आहे: सलग मोजणी चालू ठेवून यंत्र हळूहळू डावी-उजवीकडं, वर-खाली फिरवायचं आणि सर्वांत कमी आकडा घ्यायचा. तोच लंब. कोपऱ्यातला कर्ण हवा असेल तर सर्वांत मोठा.

न पोचणाऱ्या तुळईची उंची काढायला पायथागोरसचं बटण असतं, त्याचा फार मोह धरू नये. तिरपं माप 5.00, आडवं 4.00, तर उंची 3.00. पण आडवा ठिपका खांबावर न पडता पुढं आलेल्या तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर पडला आणि 3.95 वाचलं गेलं, तर उंची 3.07 दाखवते. पाच सेंटिमीटरची चूक सात होऊन परत येते. कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) बरोबर खाली यंत्र ठेवता येत असेल तर सरळ खालून वर मारावं.

वाड्याच्या उघड्या चौकात यंत्र निम्मं आंधळं होतं. उन्हात लाल ठिपका दिसतच नाही, काळ्या ओल्या दगडावर तर सावलीतही फिका पडतो. समोर पांढरा पुठ्ठा धरला की काम होतं. नाहीतर चौक आणि दर्शनी भिंत सकाळी ऊन चढण्याआधी उरकावी. काचेवर, आरशावर, पॉलिश केलेल्या फरशीवर आकडा विश्वासाचा नाही. श्रावणातलं धुकं खाली उतरलं असेल तर बाहेरची लांब मापं त्या दिवशी घेऊच नयेत.

टेप लागतेच ती जाडीला. भिंतीची जाडी लेझरला दिसत नाही. ती खिडकीच्या चौकटीपाशी नाहीतर दाराच्या बगलेत टेपनं घ्यायची, खाली एकदा आणि वर एकदा. बाहेरची एकूण लांबी वजा आतल्या मापांची बेरीज बरोबर भिंतींची जाडी, हा ताळा जुळला तर निम्मी झोप लागते. कोनाडे, तुळईची जाडी, पायऱ्यांची चढण हेही टेपचंच काम. जाता जाता एक: स्टीलच्या टेपचं टोक थोडं हलतं ते बिघडलेलं नसतं. टोकाचा हुक अडकवला किंवा टेकवला तरी माप तेच यावं म्हणून ते स्वतःच्या जाडीइतकं मुद्दाम ढिलं ठेवलेलं असतं. दगडानं ठोकून ते घट्ट करणारे महाभाग आहेत.

आणि लेव्हल. अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरच्या घराचं जोतं एका बाजूला वीतभर तर दुसऱ्या बाजूला छातीइतकं असू शकतं. साधं लेझर मीटर अंतर सांगतं, पातळी नाही. त्यासाठी गवंड्याची पारदर्शक नळीच उत्तम. पाणी सावकाश भरायचं, आतले बुडबुडे घालवायचे, वाचताना दोन्ही टोकं उघडी ठेवायची. टोकावर अंगठा राहिला तर पाणी खोटं बोलतं.

एककाचंही सांभाळावं. नगरपालिकेचा नकाशा मीटरमध्ये, सुतार बोलणार इंच-सुतात. जागेवर एकच एकक ठेवून घरी रूपांतर करावं, मध्येच बदललं की वहीत 3.10 हे फूट की मीटर याचा पत्ता लागत नाही. खांबांची रांग मोजताना गाळा-गाळा वेगळा न घेता एकाच भिंतीपासून प्रत्येक खांबापर्यंतचं चढतं माप लिहावं. छोट्या चुका मग साचत नाहीत.

विकत घेताना कोपऱ्यात टेकवायची पिन आहे का, ती उघडल्यावर यंत्र स्वतः हिशेब बदलतं की हातानं बदलावं लागतं, हे दुकानातच पाहावं. उतारमापक असलेलं थोडं महाग पडतं, पण तुळईच्या उंचीचा घोळ बराच कमी करतं. ब्लूटूथचं फारसं कौतुक नको, वाड्याचं कच्चं रेखाचित्र हातानंच काढावं लागतं. यंत्र हातातून पडलं की घराच्या दारापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं ठरलेलं एक अंतर टेपशी ताडून बघावं. आणि पावसाळ्यात बॅग महिनाभर पडून राहणार असेल तर बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. एकदा त्या गळल्या की आतल्या पट्ट्या गंजतात आणि यंत्र चालू-बंद खेळत बसतं.