‘स्पीड लिमिटर’च्या नावाखाली विकलेला रिकामा डबा

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने नऊ वर्षांच्या मुलासाठी 110 सीसीची एटीव्ही, म्हणजे रानावनात चालवायची जाड टायरची चारचाकी मोटारसायकल, घेतली. गाडीच्या किमतीशिवाय ‘स्पीड लिमिटर किट’चे 5,500 रुपये वेगळे मोजले. बिलावर त्याचा उल्लेख एवढाच: ‘अ‍ॅक्सेसरीज’. दुकानामागच्या पटांगणात विकणाऱ्याने गाडी चालवून दाखवली, ती सायकलच्या चालीनेच गेली. “भाऊ, पोराने अंगठा कितीही दाबू द्या, पंधराच्या वर जायची नाही.” चौथ्या दिवशी केळीच्या बागेलगतच्या गाडीवाटेवर तीच गाडी भरधाव सुटली आणि वळणावर उलटली. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून मनगटावर निभावलं.

सीटखालचा तो काळा डबा नंतर फोडला. आत एक एलईडी, एक रेझिस्टर आणि वर ओतलेला एपॉक्सी (घट्ट होणारा गोंद). दोनच वायरी, लाल आणि काळी, थेट बॅटरीला. इंजिनशी त्याचा काही संबंधच नव्हता.

मग पटांगणात गाडी हळू का चालली? उजव्या मुठीजवळ अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलच्या (वेग वाढवणाऱ्या दांडीच्या) घरात एक छोटा स्टार स्क्रू असतो, त्यावर चेकनट, म्हणजे स्क्रू जागचा हलू नये म्हणून आवळायचा नट. मुलांच्या बहुतेक एटीव्हींना तो कंपनीतूनच येतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. स्क्रू आत फिरवला की थ्रॉटलची दांडी अर्ध्यातच अडते. विकणाऱ्याने केलं ते एवढंच, आणि चेकनटही आवळला नाही. चार दिवसांच्या हादऱ्यांनी स्क्रू आपसूक बाहेर आला. फुकटच्या स्क्रूचं काम डब्याच्या नावावर विकलं गेलं, आणि डब्यावर भरवसा ठेवून घरच्यांनी मुलाला एकट्याला वावरात सोडलं. आम्हाला खरा राग याचा आहे. साडेपाच हजारांचं नुकसान भरून काढता येईल, पण ‘मशीन सांभाळेल’ असं वाटून मोठ्यांनी नजर काढली, ते फार महागात पडू शकलं असतं.

गाडी हळू दाखवायचे आणखी मार्ग आहेत: चोक अर्धा ओढलेला ठेवणं, ब्रेकच्या दांडीचं पार्किंग लॉक किंचित लागलेलं ठेवणं, किंवा तापीकाठच्या भुसभुशीत वाळूत चालवून दाखवणं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता आधी दात बघतो. इथेही तसंच करा.

पहिलं, वायरी बघा. वेग खरोखर अडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक लिमिटरचा संबंध ठिणगीशी असतो. एक तर तो सीडीआयमध्येच (ठिणगी कधी पडायची ते ठरवणाऱ्या डब्यात) असतो, नाही तर त्याची वायर सीडीआय, पल्सर (इंजिन फिरल्याचा इशारा देणारी कॉइल) किंवा ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलकडे जाते. फक्त बॅटरीला लागलेला डबा वेग कसा अडवणार? मर्यादेला पोचल्यावर खरा लिमिटर ठिणगी तोडतो, त्यामुळे इंजिन अडखळल्यासारखा तुटक आवाज करतं. तो आवाज ऐकून घ्या.

दुसरं, मागची चाकं उचलून तपासा. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा अ‍ॅक्सल भक्कम ठोकळ्यांवर घ्या, मुलांना लांब ठेवा. स्क्रू बाहेर घेऊन थ्रॉटल अगदी हळू वाढवा. चाकाचे फेरे मोजायला टॅकोमीटर हे यंत्र लागतं. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे विचारून बघा. 16 इंच व्यासाच्या टायरचा परीघ साधारण 1.28 मीटर, म्हणजे ताशी 16 किलोमीटरला चाकाचे मिनिटाला सुमारे 209 फेरे. 16 ला अडेल असं सांगून विकलेला डबा लावलेला असताना आकडा न अडखळता त्याच्या बराच पुढे गेला, की तिथेच अंगठा सोडा. निकाल लागला. हवेत इंजिन पूर्ण ताणू नका, भार नसताना ते बेफाम चढतं.

स्क्रू म्हणजे कमअस्सल उपाय असं मात्र समजू नका, नीट लावला तर तो कामाचा आहे. चेकनट सैल करा, स्क्रू जवळजवळ पूर्ण आत घ्या, मग अर्धा-अर्धा आटा बाहेर काढत सपाट जागी 50 मीटर मोजून गाडी पळवा. आधी धाव घेऊन मगच घड्याळ लावा. ताशी 16 ला 50 मीटरला सव्वाअकरा सेकंद लागतात. गाडीवरच्या वजनाच्या मर्यादेत बसणाऱ्या हलक्या माणसानेच ही चाचणी करावी. मूल त्याहून हलकं, त्यामुळे त्याच्या हाती गाडी जास्त पळते, म्हणून 13 सेकंदांवर थांबलेलं बरं. नंतर चेकनट घट्ट करून नट आणि स्क्रूवरून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. दांडी सोडताच टपकन मागे यायला हवी, आणि हँडल दोन्ही टोकांना वळवल्यावर इंजिनचा आवाज चढता कामा नये. चढला तर केबल ताणलेली आहे. स्क्रू फारच आत राहिला तर सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनचे फेरे वाढले की आपोआप पकडणारा) नीट पकडत नाही, घसरून जळतो आणि तसा वास येतो. उतारावर स्क्रूचा उपयोग नाही, तिथे ब्रेकच.

रिमोटने इंजिन बंद करण्याची सोय किंवा मूल पडताच इंजिन बंद करणारी, मनगटाला बांधायची दोरी असेल तर जरूर घ्या. मात्र रिमोट इंजिन बंद करतो, चाकं थांबवत नाही. किती अंतरापर्यंत चालतो ते झाडाआडून तपासा.

“लिमिटर लावला की सहा वर्षांचं पोरही चालवतं” हे सगळ्यांत घातक खोटं आहे. अमेरिकेच्या मानकात सहा वर्षांपासूनच्या गटाची गाडी लिमिटरसह ताशी सुमारे 16 आणि लिमिटर काढूनही सुमारे 24 किलोमीटरच्या आत असावी लागते. ताशी चाळीस किलोमीटर गाठणारी गाडी त्या गटात बसतच नाही. लिमिटरने वेग घटतो, शंभर किलोच्या आसपासचं वजन घटत नाही, आणि उलटल्यावर ते मुलाच्याच अंगावर येतं. गाडीवरचं वयाचं लेबल खरवडलेलं असेल तर ती घेऊच नका. सार्वजनिक रस्त्यावर तर नेऊच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात, 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

आधीच फसला असाल तर डबा दुकानात परत देऊ नका, तोच पुरावा आहे. वायरी कुठे लागल्यात त्याचे फोटो डबा काढण्याआधी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि यूपीआयची नोंद जपा. पैसे परत मागणारी लेखी नोटीस पाठवा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची. बिलावर ‘अ‍ॅक्सेसरीज’ लिहिलं असेल, तर डबा लिमिटर म्हणूनच विकला हे त्या संदेशांवरूनच दाखवावं लागेल. संदेशही नसतील तर आजच दुकानदाराला लेखी विचारा की डबा नेमकं काय करतो, आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.