चालू कॉल वळवायचाय: ॲस्टरिस्क की फ्रीस्विच?
दोन माणसं ऑलरेडी बोलतायत आणि त्यांना उचलून कॉन्फरन्समध्ये टाकायचंय, तर ॲस्टरिस्कमध्ये (हा आणि फ्रीस्विच, दोन्ही फोन कॉल हाताळणारी सर्व्हर सॉफ्टवेअर) एएमआयचं, म्हणजे बाहेरून कमांड द्यायच्या मॅनेजर इंटरफेसचं, रिडायरेक्ट आहे, पोर्ट ५०३८. चॅनल (कॉलची एक बाजू), आणि ती डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉलचं पुढे काय करायचं त्या नियमांच्या यादीत, नेमकी कुठे न्यायची त्यासाठी कॉन्टेक्स्ट, एक्स्टेन्शन, प्रायॉरिटी एवढं सगळं द्यावं लागतं. आता खरी गंमत इथे आहे, तुम्ही फक्त चॅनल दिलंत तर एकच बाजू हलते आणि दुसरी बहुतेक वेळा कट होते (डायलप्लॅनमध्ये डायल कमांडला 'g' हा ऑप्शन दिला असेल आणि कॉल घेणाऱ्याला हलवलं असेल तर करणारा पुढच्या ओळीवर जातो, ते वेगळं), म्हणून दोघं हवे असतील तर एक्स्ट्राचॅनल पण त्याच ॲक्शनमध्ये भरायचं, दोन वेगळे रिडायरेक्ट मारत बसू नका, पहिल्यालाच ब्रिज (दोघांना जोडणारा दुवा) तुटतो मग दुसरा हाताला लागेलच असं नाही. जुन्या व्हर्जनमध्ये रिडायरेक्ट केलं की कन्सोलवर असिंकगोटू नावाचं भलतंच चॅनल दिसायचं, १२ मध्ये ब्रिजिंग नव्याने लिहिलं तेव्हा ती कटकट बरीच कमी झाली.

फ्रीस्विचवाल्यांचं सोपंय, इव्हेंट सॉकेट (त्याचा एएमआयसारखा इंटरफेस), पोर्ट ८०२१ वरून यूयूआयडी ट्रान्सफर ही कमांड, चॅनलचा आयडी आणि जिथे न्यायचं तो नंबर दिला की झालं, समोरची बाजू हवी तर बीलेग, दोन्ही हव्या तर बोथ. कॉन्टेक्स्ट नाही दिला तरी चालतं. एकच लेग (बाजू) हलवून दुसरा जिवंत ठेवायचा असेल तर पार्क आफ्टर ब्रिज हे व्हेरिएबल आधीच सेट करा.

नवीन काम असेल तर मी फ्रीस्विचच घेईन. पण ऑफिसात ॲस्टरिस्क नीट चालतोय तर एवढ्यासाठी बदलायचा उद्योग कशाला, एक्स्ट्राचॅनल भरा की.