एफ क्लॅम्प, एक पावसाळा वापरून झाल्यावर: लोखंड भक्कम, पॅड तकलादू

गेल्या उन्हाळ्यात 300 मिमीचे चार आणि 600 मिमीचे सहा एफ क्लॅम्प घेतले, म्हणजे चिकटवलेलं लाकूड गोंद सुकेपर्यंत आवळून धरणारे शिकंजे. दांडीवर सरकणारा जबडा, त्यातला स्क्रू फिरवायला लाकडी मूठ, दांडीपासून स्क्रूपर्यंत 120 मिमी पोहोच, हे घेणाऱ्याला माहीत असतंच, त्यामुळे त्यात शिरत नाही. लिहायला बसलो ते पॅडमुळे. स्क्रूच्या टोकाला बॉलवर बसवलेली, लाकडाला टेकणारी ती फिरती चकती. 600 मिमीचा क्लॅम्प नगाला 750 रुपयांना पडला. त्यात सगळ्यात स्वस्त भाग हा, आणि माझं नुकसान केलं ते ह्याच भागाने.

देवघराच्या सागवानी झडपेची चौकट चिकटवत होतो. कुसू (खाचेत बसणारी टोकं) बसले, गोंद लागला, चारही क्लॅम्प आवळले, काटकोन बघायला गुण्या लावला तर एक कोपरा केसभर उघडा. अशा वेळी एक क्लॅम्प किंचित सैल करायचा, चौकट हाताने सरकवायची आणि पुन्हा आवळायचं. मूठ उलटी फिरवली तर स्क्रू एकटाच मागे आला. पॅड लाकडाला चिकटून जागच्या जागी राहिलं आणि मग भुश्यात पडलं. ते लक्षात येईपर्यंत मुठीला सुलटा फेरा बसलेला होता. सागवानात बॉलचा स्वच्छ गोल खड्डा. नेमका दर्शनी अंगाला.

एवढ्याशा चकतीचं महत्त्व काय, ते हिशोबाने सांगतो. हाताने मूठ बऱ्यापैकी आवळली तर 5 न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ बसतो. आटे 4 मिमी पिचचे आहेत, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू 4 मिमी सरकतो. तीन-चतुर्थांश जोर आट्यांच्या घर्षणातच गेला असं धरलं तरी टोकाशी 200 किलोच्या आसपास दाब येतो. पॅड 30 मिमी व्यासाचं, म्हणजे साधारण 7 चौरस सेंमी. तिथे दर चौरस सेंमीला 28 किलो पडतात आणि सागवान ते निमूट सोसतं. पॅड गेलं की तेच 200 किलो बॉलच्या टोकावर, जेमतेम एक चौरस सेंमीवर येतात. खड्डा पडणार नाही तर काय होईल? ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली. दबलेले तंतू फुगून बरेचसे वर आले, पण कडेचे तुटले होते ते आले नाहीत. ती पट्टी शेवटी बदलली. सागवानाचा आजचा दर माहीत असणाऱ्याला ह्याचं दुःख वेगळं सांगायला नको.

मग उरलेली पॅड एकेक करून ओढून बघितली. दोन नुसत्या अंगठ्याने निघाली. रचना अशी आहे: पातळ पत्र्याची वाटी, ती बॉलवर बसवून काठ आत दाबलेला. आवळताना सगळा जोर वाटीच्या बुडावर जातो, काठाला काहीच काम नसतं. सैल करताना मात्र उलटं होतं. गोंदाने पॅड लाकडाला धरलेलं, स्क्रू मागे ओढतो, आणि सगळा ताण त्या आत दाबलेल्या पातळ काठावर येतो. प्रत्येक वेळी काठ थोडा उघडतो. निमुळत्या पायासारख्या तिरक्या पृष्ठभागावर लावलं की बॉल वाटीत कलतो आणि एका बाजूने काठाला उचकटतो. म्हणजे क्लॅम्प जितका वापराल तितकं पॅड सुटत जाणार. एखाद्या नगात राहून गेलेला दोष म्हणता येत नाही, आखणीतच तसं ठेवलेलं आहे.

कंपनीला फोन केला. एक वर्षाची वॉरंटी पावतीवर छापलेली आहे. पलीकडचा मुलगा बोलायला नम्र होता, पण उत्तर एकच. "सर, पॅड कन्झ्युमेबलमध्ये येतं, ते वॉरंटीत नाही." ठीक आहे, मग विकत द्या म्हटलं. "सुटं पॅड आम्ही ठेवत नाही सर, पूर्ण क्लॅम्प घ्यावा लागेल." रंध्याचं पातं झिजणारा भाग आहे, मान्य, म्हणून तर ते कुठल्याही दुकानात सुटं मिळतं. जो भाग झिजणार हे तुम्हीच सांगता, तो सुटा विकत नाही, आणि त्याच्यापायी 750 रुपयांची वस्तू टाकून द्या म्हणता! फोटो पाठवले, पुन्हा फोन केले, मेल केला. शेवटी "आपली सूचना नोंदवून घेतली आहे" असं उत्तर आलं. पॅड काही आलं नाही.

आणि ही काही आजची वस्तू नाही. माक्स बेस्सीने जर्मनीत श्टुटगार्टला 1889 मध्ये कारखाना काढला, आणि 1936 पासून तो कारखाना असे स्क्रू क्लॅम्प बनवतोय. सरकता जबडा, दाते पाडलेली दांडी, लाकडी मूठ, आपल्याकडे येणारे सगळे त्याच घराण्यातले. त्यांच्या ओतीव क्लॅम्पचं पॅड बदलता येतं. नक्कल करताना आपल्या लोकांनी दांडी घेतली, मूठ घेतली, मुठीचा लाल रंगसुद्धा घेतला, आणि नेमकं हेच वगळलं.

बाकीच्या क्लॅम्पबद्दल मात्र चांगलंच लिहावं लागेल. सुरुवातीला माझं मत तेवढं चांगलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात सरकता जबडा घसरत होता. आवळत नेलं की ऐन जोराला खट्‌कन बोटभर मागे. वस्तू परत पाठवायच्या विचारात होतो. मग दांडीवर हात फिरवला तर गंज धरू नये म्हणून लावलेल्या तेलाचा थर लागला. थिनरच्या फडक्याने दहाही दांड्या पुसल्या आणि घसरणं बंद झालं, ते आजतागायत.

ह्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ह्या क्लॅम्पबद्दल सगळ्यात जास्त तक्रार हीच ऐकू येते. जबड्याला कुठलाही खटका नाही. स्क्रूचा जोर दांडीपासून लांब पडतो, त्यामुळे जबडा तिरका होऊन दांडीला वर एका कडेने आणि खाली दुसऱ्या कडेने चावतो. त्या दोन चाव्यांमधलं अंतर माझ्या क्लॅम्पला 30 मिमी आहे. ह्या अंतराला घर्षणांकाच्या दुपटीने भागलं की जोर दांडीपासून किमान किती लांब हवा ते निघतं. कोरड्या पोलादावर घर्षणांक 0.15 धरला तर 100 मिमी येतात. आपली पोहोच 120, म्हणजे जबडा धरणार. तेलकट दांडीवर तोच अंक 0.1 वर उतरला की 150 मिमी लागतात, आणि जबडा घसरणार. दांडीच्या कडेचे दाते थोडी मदत करतात, पण तेलापुढे त्यांचंही फार चालत नाही. तेव्हा तेल घालायचं ते आट्यांना आणि बॉलला, दांडीला थेंबही नाही. पावसाळ्यात दांडीवर तांबूस गंज दिसला तर कोरड्या पॉलिश पेपरने पुसून घ्या. मी तेच करतो.

ओतीव काम उत्तम आहे. कोल्हापुरात राहणाऱ्याला बिडाची पारख थोडीफार असतेच, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत घरटी कोणी ना कोणी कामाला असतं. जबडा दोरीला टांगून हातोडीने हलका ठोका दिला तर घंटेसारखा खणखणीत आवाज येतो. साध्या बिडाचा आवाज दबका येतो, कारण त्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. ते ओढीला कच्चं, वाकण्याआधी तुटतं. हे एसजी आयर्न, म्हणजे चिवट बीड दिसतंय. रसात मॅग्नेशियम घातलं की ग्रॅफाइटच्या गोळ्या बनतात आणि धातू तुटण्याआधी थोडा वाकून सांगतो. 600 मिमीच्या दांड्याही पूर्ण आवळल्यावर डोळ्याला दिसेल एवढ्या वाकत नाहीत. लाकडी मूठ मला पटली. मुठीऐवजी आडवी दांडी असलेल्या क्लॅम्पला पीळ जास्त बसतो हे खरं, पण चौकटीच्या कामात एवढा जोर लावला तर सांध्यातला गोंद पार निपटून बाहेर येतो.

जाता जाता एक, किती क्लॅम्प घ्यावेत? सागवानासारख्या मध्यम लाकडाला पांढऱ्या गोंदासाठी दर चौरस सेंमीला 9 ते 12 किलो दाब हवा. 25 मिमी जाडीच्या, 60 सेंमी लांब दोन फळ्या कडेला कड चिकटवायच्या तर ते 150 चौरस सेंमी झाले, म्हणजे दीड हजार किलो. एका क्लॅम्पचे 200 धरा आणि भागून बघा. दोन क्लॅम्प आणून फळ्या जोडायला बसणाऱ्यांच्या सांध्याला भेग का पडते, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

आता पुन्हा पॅड. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडे सगळे स्क्रू घेऊन गेलो. म्हातारा माणूस, आयुष्य ऑइल इंजिनाच्या कामात गेलेलं. वाटी हातात घेऊन नखाने काठ उचकटला आणि म्हणाला, "मिस्त्री, हे दाबून बसवलंय न्हवं, सुटणारच की ओ. हेला मागनं धरायला काय तर पायजे." मग त्यानेच तोड काढली. 32 मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) गजाचे तुकडे, आत बॉलच्या मापाचं खोल बोअर, आणि बाजूने समोरासमोर दोन एम 4 ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले 4 मिमीचे स्क्रू. ते बॉलच्या मागच्या बारीक मानेत उतरतात, पण मानेला टेकत नाहीत, त्यामुळे पॅड मोकळं फिरतं आणि कलतं. स्क्रू मागे घेतला की बॉल त्या दोन ग्रबना अडतो आणि पॅड बरोबर मागे येतं. गोंद आत गेला तर ॲलन की लावा, खोला, साफ करा, पुन्हा बसवा. नगाला 60 रुपये घेतले. कंपनीने हजारांच्या हिशोबात केलं तर ह्याच्या निम्म्यातही पडणार नाही.

ही पॅड बसवल्यापासून एकही निसटलेलं नाही. गोंदात अक्षरशः बुडालेलं पॅडसुद्धा खेचल्यावर क्लॅम्पबरोबर निघून आलं.

पॅडच्या तोंडाला मी चामडं लावलं होतं. इथे चपलांच्या कामातले तुकडे सहज मिळतात, जाड आणि घट्ट, लाकडावर वळ उठू देत नाहीत. उन्हाळाभर त्याच्यासारखं काही नाही असंच माझं मत होतं. पावसाळ्यात ते बदललं. हे चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्यात टॅनिन ठासून भरलेलं. दमट हवा, खाली लोखंड, वर ओला गोंद, एवढं जुळून आलं की लोखंड आणि टॅनिन मिळून काळा रंग तयार होतो. शिवण झाडाच्या फिकट लाकडाच्या पाटाला रुपयाएवढा काळा डाग पडला. रंध्याने एक हात घेतला, तो तेवढ्यात गेला नाही, दुसऱ्यालाही पुरता गेला नाही. सागवानातही टॅनिन असतं, तिथे चामडं नसलं तरी नुसत्या ओल्या लोखंडाने डाग पडतो. म्हणून दांडी गोंदाच्या रेषेवरून जात असेल तिथे मध्ये कागद किंवा प्लॅस्टिकची पट्टी ठेवायचीच.

मग 300 मिमीच्या चार क्लॅम्पना पितळेची पॅड करून घेतली. नगाला 150 रुपये, क्लॅम्पच्या मानाने महाग. पण पितळेवर तेच चामडं लावलं आणि डाग बंद झाला. दर्शनी, फिकट लाकडाच्या कामाला हेच चार क्लॅम्प काढतो. 600 मिमीच्या सहांवर एमएसची पॅड आहेत, त्यांना चामड्याऐवजी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. ट्यूब चामड्याइतकी टिकत नाही, जास्त आवळलं की कडेने फाटते, पण फुकट मिळते आणि डाग पाडत नाही.

कोणी घ्यायला निघालंच असेल तर दुकानातच पॅड बोटांनी ओढून आणि कलवून बघा. काठ नुसता दाबलेला असेल तर पॅडचा खर्च किमतीत धरूनच भाव करा. बॉलमागची मान मोजा, बॉलपेक्षा निदान 4 मिमीने बारीक हवी, नाहीतर ग्रबना धरायला जागा राहत नाही. दांडीच्या शेवटाला अडवणारी पिन आहे ना, तेही बघा. माझ्या दोन नगांत ती नव्हती आणि जबडा दांडीवरून सुटून पायाशी पडायचा. तिथे भोक पाडून स्प्रिंग पिन ठोकली, विषय संपला.

मला 900 मिमीचे आणखी चार हवे आहेत आणि मी ह्याच कंपनीचे घेणार आहे, कारण ह्या किमतीत इतकं चांगलं ओतीव काम दुसऱ्या कुणाचं माझ्या पाहण्यात नाही. दुकानदाराला सांगून ठेवलंय, पॅड तुमच्याकडेच काढून ठेवा आणि नगामागे 30 रुपये कमी करा. तो 15 वर आलाय.